बंदूक हातीं आल्यावर भयानकाचें काय होतें?

सन २०२० च्या डिसेंबरांत एका नरभक्षक बिबट्यानें करमाळा तालुक्यांत तीन जणांचा बळी घेतला. चिखलठाण, अंजनडोह या बाजूस दिवस मावळल्यावर उसाच्या फडाकडे जाण्यास माणूस धजेना. १८ डिसेंबरास गोळी लागून तें जनावर पडलें आणि भयहि तेथेंच संपलें. उसांत दडलेला बिबट्या सबंध तालुक्यास पुरून उरतो. मेलेला बिबट्या पाहावयास लोक गर्दी करतात.

कथा, भय आणि नेमबाजी यांचा मेळ घालणारे संगणकावरील जे खेळ आहेत, त्यांची अडचण हीच. १९९३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डूम’मध्यें अंधार होता, राक्षस होते, परंतु हातीं बंदूक असल्यामुळें खेळणारा त्यांस भिण्याऐवजीं त्यांच्याच पाठीं लागे. कथा केवळ नांवाला. १९९८ च्या ‘हाफ-लाइफ’नें कथा खेळाच्या ओघांत आणली खरी, भयाचा प्रश्न मात्र राहिलाच.

तो ओळखून रचलेला खेळ म्हणून २०१० च्या ‘मेट्रो २०३३’चें नांव आम्ही घेऊं. दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या रशियन कादंबरीवरून तो किएव्ह येथील ‘फोर ए गेम्स’नें तयार केला. अणुयुद्धांतून वांचलेले मॉस्कोवासी भुयारी रेल्वेच्या स्थानकांत संसार थाटून आहेत; वर विषारी हवा, बोगद्यांत विद्रूप श्वापदें. येथें अस्सल लष्करी काडतुसें हेंच चलन! तीं बंदुकींत भरलीं तर मारा जबर होतो, पण प्रत्येक बारास पदरचा पैसा जातो. वर जावयाचें तर तोंडावर मुखवटा. त्याची गाळणी किती वेळ पुरेल तें मनगटावरील घड्याळ सांगतें, आणि स्वतःचाच श्वास कानीं पडत राहतो. बंदूक असूनहि माणूस दरिद्री व भित्रा राहतो, हें आम्हांस या खेळाचें मोठें यश वाटतें.

दोषहि थोडे नाहींत. माणसांशीं लढण्याचे प्रसंग आले कीं खेळ इतर शेंकडों खेळांसारखा होतो. लपतछपत जातांना एकानें पाहिलें कीं सारे जागे होतात, आणि मग तोच तो गोळीबार. नायक आर्त्योम प्रकरणांच्या मधल्या वेळीं सुरेख बोलतो, पण समोर माणूस उभा राहिला कीं मुका!

शेवट सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. ज्या ‘काळ्या’ प्राण्यांवर अग्निबाण सोडण्यासाठीं ही सारी यातायात, त्यांस सलोखाच हवा होता. अग्निबाण थांबविण्याची संधि मात्र सर्वांस मिळत नाहीं. वाटेंत लोकांचें बोलणें थांबून ऐकलें, भिकाऱ्यास काडतूस दिलें, अशांची कोठें तरी गुप्त नोंद होते आणि पुरेशी झाली तरच ती वाट उघडते. आधीं सूचना नाहीं म्हणून कित्येकांस हा अन्याय वाटतो. आम्हांस वाटत नाहीं. भिकाऱ्यास दिल्याचें फळ आधींच ठाऊक असतें तर तो निव्वळ व्यवहार झाला असता. २०१३ चा पुढील भाग ‘मेट्रो: लास्ट लाइट’ मात्र अग्निबाण सुटला असेंच धरून चालतो.