काळ्या दगडावरची रेघ

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. तेथील शेतकऱ्याच्या हातातील अँड्रॉइड मोबाइलचा सारा कारभार लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असतो. स्मृतीत कोणी वाचावे, कोणी लिहावे, हे तोच ठरवितो. मग त्याच्याच आज्ञा कोणी गुपचूप पालटल्या तर? बँकेच्या व्यवहारापर्यंत सर्वच परस्वाधीन होते.

म्हणून या आज्ञा काळ्या दगडावरच्या रेघेसारख्या, वाचता याव्यात पण पुसता येऊ नयेत, असा यत्न सुरू झाला. परंतु हा दगड प्रत्येक यंत्रात निराळा. इंटेलच्या १९८५ सालच्या ३८६ प्रोसेसरात स्मृतीच्या पानावर ‘केवळ वाचावे’ अशी खूण करता येई. मात्र ती सामान्य प्रोग्रॅमांसच बांधी, गाभ्यास नव्हे. कायदा रयतेला, सरकारास सूट! १९८९ च्या ४८६ मध्ये तो गाभ्यासही लागू करण्याची सोय झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील ट्रान्सप्युटरांत तर पानांवर पहारा ठेवणारा भागच नव्हता. जलद गणित हेच त्यांचे कार्य.

त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला. तथापि इंटेल घराण्याच्या यंत्रांवर गाभ्याची स्थिर माहिती कुलूपबंद होण्यास २००६ साल उजाडले. आर्म प्रोसेसरांवर ही व्यवस्था २०१५ मध्ये व पॉवरवर २०१७ मध्ये आली. विलंबास कारणे होती. ३२ बिटी आर्मवर गाभा एकेक मेगाबाइटच्या खंडांत मांडलेला असे; आज्ञा आणि बदलती माहिती एकाच खंडात पडल्यास कुलूप कोणास घालावे? म्हणून सीमेपाशी जागा रिकामी सोडावी लागली. शिवाय गाभा चालता चालता स्वतःच्या आज्ञा क्वचित दुरुस्त करतो. तेवढ्यापुरते दार उघडून पुन्हा लावावे लागते.

या रेघेने सर्व चोऱ्या थांबत नाहीत. बदलती माहिती उघडीच राहते. पण एक गोष्ट बोलकी आहे. २०१७ पर्यंत या व्यवस्थेच्या नावात ‘डीबग’, म्हणजे दोषशोधन, हा शब्द होता. त्या वर्षी तो जाऊन ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे कडक, हा शब्द आला. जी केवळ चाचणीची सोय होती, ती नियम ठरली. ज्याच्या हाती सर्वाधिकार, त्याने प्रथम आपलेच हात बांधून घ्यावेत, हे यंत्रासही उमगावयास इतकी वर्षे लागली.