रक्तसाक्षी

हुतात्मा, शहीद, रक्तसाक्षी हे तिन्ही शब्द आपण साधारण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांची मुळं दोन ठिकाणी आहेत. 'हुत' म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. हुतात्मा स्वतःची आहुती देतो. अरबी 'शहीद'च्या मुळाशी मात्र साक्ष आहे आणि ग्रीक 'मार्तुस'च्याही. न्यायसभेत उभा राहणारा कोणीही साधा साक्षीदार म्हणजे मार्तुस. पुढे ख्रिस्ताविषयी साक्ष देणाऱ्यांना त्या साक्षीपायी मरण येऊ लागलं आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंत या शब्दाला रक्ताचा अर्थ चिकटला. मराठी ख्रिस्ती लेखनातल्या 'रक्तसाक्षी'ने दोन्ही अर्थ जपले. तिन्हींत मला हाच शब्द नेमका वाटतो.

साक्षीच्या पोटात डोळा आहे: 'अक्ष'. डोळ्यांसमोर असतं ते साक्षात आणि ते साक्षात पाहणारा तो साक्षी, असं पाणिनीही सांगतो. मराठीत साक्ष देतात, साक्ष काढतात, मनाची साक्ष पटते. साक्ष फिरवतातही, तसं करणाऱ्याला कोर्टाच्या बातम्यांत 'फितूर' म्हणतात. किल्ल्यांच्या काळचा हा शब्द साक्षीदाराला लागावा, यात भाषेचा न्याय आहे. पाहिलेलं नाकारणं हा तिला दगाच वाटतो.

लग्नाला तर साक्ष हवीच. आपल्याकडे अग्नी साक्षी असतो. कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये धर्मगुरू आणि दोन-तीन साक्षीदारांची अट घातली. फादरनी लग्न लावलं, असं आपण म्हणतो. पण लॅटिन परंपरेत हा संस्कार वधूवरच एकमेकांना देतात. फादर असतात ते चर्चच्या वतीने साक्षी. महिनाभर धर्मगुरू मिळण्याची आशाच नसेल, तर नुसत्या दोन साक्षीदारांसमोर झालेलं लग्नही चर्च खरं मानतं.

मग अशा लग्नाच्या बाजूने बोलून जीव गमावणारा रक्तसाक्षी ठरतो का? ख्रिस्ताला नाकार, असं तर त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी याचं उत्तर बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या उदाहरणाने दिलं. भावाची बायको ठेवणं तुला योग्य नाही, एवढंच तो हेरोद राजाला म्हणाला होता आणि त्यासाठी त्याचं शिर गेलं. तरी तो रक्तसाक्षीच. 1529 मध्ये आठव्या हेन्रीच्या घटस्फोटाची सुनावणी चालली असताना बिशप जॉन फिशर यांनी राणी कॅथरीनची बाजू घेतली, तेव्हा त्यांनीही योहानाचंच नाव घेतलं. 1535 मध्ये त्यांचंही शिर गेलं.

माझ्या मनात मात्र पीटर तो रोट घर करून आहे. न्यू ब्रिटन बेटावरच्या राकुनाई गावचा हा धर्मशिक्षक 1912 चा. 1936 मध्ये त्याचं पौलाशी लग्न झालं. 1942 मध्ये जपानी सैन्य आलं, मिशनरी छावणीत कोंडले गेले आणि गावच्या उपासनेचा भार या संसारी माणसावर पडला. प्रार्थना, बाप्तिस्मे, आजाऱ्यांची विचारपूस त्याने चालू ठेवली. लग्नं त्याच्या साक्षीने होत. पुढे स्थानिक पुढाऱ्यांना आपल्याकडे वळवण्यासाठी जपान्यांनी बहुपत्नीत्वाला मोकळीक दिली. तो रोट उघड विरोधात उभा राहिला. ज्यांना दुसरी बायको हवी होती त्यांच्यात वजनदार माणसं होती, आणि हे वैर काय करील हे त्याला कळत होतं. त्याला तुरुंगात टाकलं. जुलै 1945 मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, विषारी इंजेक्शन देऊन मारलं.

तो गप्प बसला असता, तर बहुधा वाचला असता. पण गावातली कित्येक लग्नं त्याने डोळ्यांसमोर लागलेली पाहिली होती. स्वतःचंही त्यांतलंच. ती मोडीत काढायला मूक संमती देणं म्हणजे साक्ष फिरवणंच होतं. 19 ऑक्टोबर 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून जाहीर केलं. तो पापुआ न्यू गिनीचा पहिला संत, आणि चर्चच्या यादीत त्याची नोंद रक्तसाक्षी म्हणूनच आहे.