महिन्याच्या पावसाची कुळकथा

३० जूनच्या रात्री पडलेला पाऊस सरकारी वहीत जुलैचा असतो. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या २४ तासांचा आकडा त्या दिवसाच्या तारखेपुढे टाकतात. रानात मात्र ते पाणी जूनमध्येच मुरायला लागलेलं असतं. वही आणि वावर यांच्यातलं हे अंतर काही तासांचं. पण पाऊस नोंदवण्याचा इतिहास पाहिला तर तो अशाच अंतरांचा आहे. भांडं कुणी ठेवलं, कुणाच्या अंगणात ठेवलं आणि बेरीज किती दिवसांनी केली, यावर त्या नोंदीचा शेतकऱ्याला उपयोग किती, हे ठरत आलं.

आपल्याकडची फार जुनी लेखी खूण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडते. राज्याच्या कोठारात एक अरत्नी, म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतच्या लांबीएवढ्या तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजावा, असं तिथे सांगितलं आहे. शेतीवरच्या अधिकाऱ्याच्या, सीताध्यक्षाच्या प्रकरणात त्या मोजणीचे आकडे येतात: कोरड्या जांगल प्रदेशात १६ द्रोण, पाणथळ आनूपात त्याच्या दीडपट, अवंतीत २३. गोदावरीकाठच्या अश्मकाचा आकडा जांगलापेक्षाही कमी आहे. आणि अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचा पाऊस? अमित. कोकणापुढे कौटिल्यानेही माप खाली ठेवलं.

आकड्यांपेक्षा मोलाचं आहे ते पुढचं. वर्षाच्या पावसाचा एक तृतीयांश हिस्सा श्रावण आणि कार्तिक या पहिल्या-शेवटच्या महिन्यांत मिळून पडावा आणि दोन तृतीयांश मधल्या भाद्रपद-आश्विनात, म्हणजे वर्ष चांगलं, असं तिथे म्हटलं आहे. मधून वारा आणि ऊन देत पडणारा पाऊस पिकाची हमी देतो, हेही नोंदलं आहे. उघडीप हीसुद्धा पावसाच्या हिशेबातली जमेची बाजू आहे, हे इतक्या लवकर कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. या सगळ्यावरून शेवटी करायचं काय, तर पाऊस जास्त की कमी ते पाहून त्या पाण्यावर येणारं पीक पेरायचं. म्हणजे महिन्यावार पावसाचा विचार जन्मला तो पेरणीच्या निर्णयासाठी. फक्त कुंड ठेवलं होतं सरकारी कोठारात.

इतरत्रही भांडं राजाच्या नाहीतर अभ्यासकाच्या हाती होतं. कोरियात सेजोंग राजाच्या काळात, १४४१ मध्ये एकाच मापाची पर्जन्यमापकं घडवायला सुरुवात झाली आणि ती प्रांतोप्रांती गेली. इटलीत १६३९ मध्ये कास्तेल्ली या गॅलिलिओच्या शिष्याने त्रासिमेनो तळ्याची पातळी किती वाढेल हे ताडण्यासाठी एका काचेच्या भांड्यात पाऊस धरला.

शेतकऱ्याने मात्र महिना हे माप कधी मनावर घेतलं नाही. त्याने पाऊस बांधला तो नक्षत्रांना. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि खरिपाच्या जीवनमरणाचा फैसलाही साधारण तेवढ्याच मुदतीत होतो. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतं, पंधरवड्याने आर्द्रा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. हस्ताचा पाऊस म्हणजे सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीची शिदोरी. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की कोल्हा, यावरून केलेलं भाकीत पुराव्याला टिकत नाही. पण नक्षत्र हे भाकिताचं साधन म्हणून सोडून दिलं, तरी नोंदीचं खातं म्हणून ते चोख आहे. ‘आर्द्रा कोरड्या गेल्या’ या तीन शब्दांत पावसाचा खंड, त्याची वेळ आणि बहुधा दुबार पेरणी, तिन्ही येतात. खोलीचं मापही शेतकऱ्याकडे होतं: वीतभर ओल गेली की नाही, वाफसा आला की नाही. भांड्यात किती पडलं यापेक्षा मातीत किती उतरलं, हे तो ढेकूळ फोडून पाहत होता. उणीव एवढीच की ही वही डोक्यात होती. आजोबांबरोबर ती मिटायची.

कागदावरची वही इंग्रजांनी घातली. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४१ पासून तिथे हवामानाची नियमित निरीक्षणं होऊ लागली. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर आणि पुढच्या दुष्काळांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. पाऊस किती कमी पडला हे आता सरकारला आकड्यात हवं होतं. मामलेदार कचेरीच्या आवारात सायमन्सचा पर्जन्यमापक आला: पाच इंची तोंडाचं नरसाळं, आत बाटली, शेजारी मोजायची काचनळी. पाऊस इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात लिहायचे. एका दिवसात दहा सेंट पडले तर तो ‘पावसाचा दिवस’. आजची २.५ मिलिमीटरची अट ही त्या दहा सेंटांचीच दशमान नात.

या वहीत बेरीज महिन्याची होऊ लागली, कारण वही महसूल खात्याची होती. तिथून दोन फांद्या फुटल्या आणि त्या एकमेकींना भेटल्याच नाहीत. पिकाची नोंद गेली वावरागणिक. सातबाऱ्यातला ‘बारा’ म्हणजे गाव नमुना १२, कोणत्या गटात कोणतं पीक किती क्षेत्रावर आहे ते सांगणारा. पावसाची नोंद राहिली तालुक्यागणिक. परिणाम शेताच्या पातळीवर लिहिला जात होता आणि कारण कचेरीच्या अंगणात. मधल्या पोकळीत आणेवारी बसली. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण. त्यातलं किती आलं, याचा अंदाज.

या पोकळीची किंमत खेड्याच्या सत्याग्रहात दिसली. गुजरातेतला खेडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९१७ मध्ये तिथे पाऊस कमी नव्हता, उलट सरासरीहून फार जास्त झाला आणि पिकं कुजली. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षाचा सारा तहकूब करावा, असा नियम होता. शेतकरी म्हणाले, चार आण्यांच्या आत आहे. सरकार म्हणालं, वर आहे. १९१८ चा गांधीजींचा लढा याच फरकावर उभा राहिला. पावसाची बेरीज भरभक्कम आणि खळं रिकामं, हे एकाच हंगामात खरं असू शकतं, हे त्या मासिक तक्त्याला सांगता येत नव्हतं.

दोन फांद्या जोडण्याचं काम पुण्यात सुरू झालं. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९३२ मध्ये इथे कृषी हवामानाची शाखा निघाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी लक्ष वळवलं ते जमिनीलगत: मातीचं तापमान, बाष्पीभवन, पिकाच्या उंचीवरची हवा. पुढे पीक आणि हवामान यांची निरीक्षणं एकाच रानात, शेजारीशेजारी घेण्याची योजना आली. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र निघू लागलं. आणि या शास्त्राने हिशेबाचा महिना मोडून वर्षाचे ५२ हवामान आठवडे केले. पेरणीच्या शिफारशी आजही या आठवड्यांच्या क्रमांकाने दिल्या जातात. खरिपाला महिना फार लांब पडतो, हे नक्षत्रवाल्यांचं म्हणणं प्रयोगशाळेने आपल्या वाटेने मान्य केलं.

काळाचं माप बारीक झालं, तरी जागेचं जाडच होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एका दिवसात अख्ख्या जुलैएवढा. त्याच वेळी कुलाब्याचा आकडा होता ७३. एकाच शहरातल्या दोन भांड्यांत एवढी तफावत, तर तालुक्याच्या गावच्या एका भांड्यावरून तीस किलोमीटरवरच्या शिवाराचा न्याय कसा करायचा? हा प्रश्न आता पैशाचाही आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर ओलांडले की अतिवृष्टी, आणि त्यावर पंचनामे आणि मदत. म्हणून २०१७ नंतर ‘महावेध’ प्रकल्पात मंडळवार दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पण एका मंडळात कैक गावं असतात, आणि केंद्राच्या गावी ६४ पडले आणि आपल्या बांधावर ७०, हे सांगायला शेतकऱ्याकडे पुन्हा डोक्यातलीच वही.

ती कागदावर उतरवणं अवघड नाही, हे अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दाखवलं. गावाने स्वतःची पर्जन्यमापकं बसवली, विहिरींची पातळी मोजली, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीला काय घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. एवढं त्रैराशिक आलं की आकडा बोलू लागतो. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकं नाहीत. सीताध्यक्षाचंच काम, पण भांडं आता गावाचं.

तेव्हा महिन्याची नोंद ठेवायची तर नुसती बेरीज लिहून भागत नाही. तारीख आणि मिलिमीटर, सगळ्यांत लांब खंड किती दिवसांचा, वाफसा कोणत्या दिवशी आला, आणि त्या दिवशी पीक कोणत्या अवस्थेत होतं: उगवणीत, फुलोऱ्यात की दाणे भरताना. चार रकाने. पहिला कचेरीने शिकवला, उरलेले तीन रानाने. पाच-सहा हंगामांची अशी वही ज्या घरात असेल, त्या घराला सोयाबीन कधी पेरावं आणि विम्याच्या दाव्याला काय जोडावं, हे दोन्ही त्याच पानांवरून सांगता येईल.