घर बदलले, वस्तीचे नाव बदलले. लायसन्सवरचा पत्ता कसा बदलाल?



गावाकडून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी आलेले आपले अनेक तरुण आज गाडीच्या जोरावर पोट भरत आहेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी टेम्पो, कुणी दुचाकीवर घरोघरी पार्सल पोहोचवतो. यातल्या कित्येकांच्या लायसन्सवर मात्र अजून जुनाच पत्ता असतो. गाव सुटून पाच वर्षे झाली, दोन खोल्या बदलून झाल्या, तरी कार्डावर गावचे घर तसेच. "चालतंय की" असे म्हणत आपण ते पुढे ढकलतो. मग नूतनीकरण केलेले कार्ड टपालाने जुन्या पत्त्यावर जाऊन परत फिरते किंवा नवी कंपनी पडताळणीत अर्ज अडवते, तेव्हा धावपळ सुरू होते.

दुसरा प्रश्न खास आपला आहे. अनेकांनी घर बदललेले नाही, पण वस्तीचे नाव बदलले आहे. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, असे त्यात ठरले. कमानीवर नवे नाव आले. खिशातल्या कार्डावर अनेकांच्या अजून जुनेच आहे. नाक्यावर पोलिसाला लायसन्स दाखवताना आपली जातही दाखवावी लागते, ती अशी. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे: ज्यांनी घर बदलले त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या वस्तीचे नाव बदलले त्यांच्यासाठीही.

जुना पत्ता असला तर लायसन्स बाद होते का?

नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार दिलेले लायसन्स संपूर्ण भारतात चालते. नांदेडला काढलेले लायसन्स पुण्यात चालते, बेंगळुरूतही चालते. "पत्ता जुना आहे, लायसन्स चालणार नाही" असे सांगून कुणी पैसे मागत असेल तर घाबरू नका.

गाडीच्या आरसीचे मात्र वेगळे आहे. त्याच कायद्याच्या कलम ४९ नुसार गाडीमालकाचा पत्ता बदलला तर ३० दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी फॉर्म ३३ असतो. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवणार असाल तर नव्याने नोंदणी करावी लागते. बरेच जण लायसन्स आणि आरसी एकच समजतात. दोन्हींचे अर्ज वेगळे आहेत आणि दोन्ही वेगवेगळे भरावे लागतात.

आधी आधार, मग लायसन्स

हा क्रम लक्षात ठेवला तर निम्मे काम सोपे होते. लायसन्सवरचा पत्ता घरबसल्या बदलायचा असेल तर पोर्टल तुमची ओळख आधारवरून तपासते आणि पत्ताही तिथूनच घेते. आधारवर जुना पत्ता असेल तर लायसन्सवरही जुनाच उमटणार. शिवाय ओटीपी येण्यासाठी चालू मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा.

आधारवरचा पत्ता ऑनलाइन बदलता येतो. पुराव्याचे कागद नावावर नसतील तर पुढील मार्ग पाहा:

- आई-वडील, पती-पत्नी अशा जवळच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर राहत असाल तर कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलता येतो. ही सोय २०२३ पासून आहे.
- भाड्याने राहत असाल तर भाडेकरार चालतो. करारात तुमचे पूर्ण नाव आणि पूर्ण पत्ता असावा.
- वसतिगृहात राहणाऱ्या किंवा कोणताच कागद नसलेल्या व्यक्तीला आधारच्या ठरावीक नमुन्यात प्रमाणपत्र घेता येते. राजपत्रित अधिकारी, तहसीलदार, आमदार, खासदार, नगरसेवक अशांची सही त्यावर चालते. नमुना आधारच्या संकेतस्थळावर मिळतो. साध्या लेटरहेडवरचे पत्र सहसा परत येते, म्हणून नमुनाच भरून घ्या.

अर्ज करण्याच्या पायऱ्या

१. केंद्र सरकारच्या परिवहन पोर्टलवर जा. लायसन्सच्या सेवांसाठी 'सारथी' हा विभाग आहे. राज्य म्हणून महाराष्ट्र निवडा.

२. लायसन्सच्या सेवांमधून पत्ता बदलाची सेवा निवडा. आधारच्या ओटीपीने अर्ज करायचा की आधारशिवाय, हे इथेच ठरवायचे असते.

३. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. नंबरातील पहिली अक्षरे राज्य आणि आरटीओ सांगतात, जसे एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-३१ म्हणजे नागपूर. त्यानंतर वर्ष आणि पुढे क्रमांक. स्क्रीनवर आलेली माहिती स्वतःचीच आहे ना, हे वाचून मगच पुढे जा.

४. फॉर्ममध्ये सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता असे दोन भाग असतात. शिकायला किंवा कामाला शहरात आलेल्यांनी सध्याचा पत्ता शहराचा द्यावा, कायमचा गावचा ठेवता येतो. पिनकोड नीट टाका.

५. कागद मागितले तर अपलोड करा. फोटो स्पष्ट हवा, चारही कोपरे दिसायला हवेत. अस्पष्ट फोटो पाठवला की अर्ज परत येतो.

६. शुल्क ऑनलाइन भरा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ३२ नुसार पत्ता बदलाचे शुल्क २०० रुपये आहे. स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे वेगळे. एकूण रक्कम पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसते. त्याहून जास्त कुणालाही द्यायचे नाही.

७. पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. अर्ज कुठपर्यंत आला हे त्याच क्रमांकावरून पाहता येते.

आधार नसेल किंवा द्यायचे नसेल तर अर्ज अडत नाही. ऑनलाइन अर्ज भरून, वेळ घेऊन, मूळ कागदपत्रांसह आरटीओत जावे लागते. मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, आयुर्विमा पॉलिसी, सरकारी नोकरीची पगार पावती असे पुरावे नियम ४ मध्ये दिले आहेत. यातले काहीच देता येत नसेल आणि त्याला सबळ कारण असेल, तर कार्यकारी दंडाधिकारी, न्यायदंडाधिकारी किंवा नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र स्वीकारण्याची तरतूदही त्याच नियमात आहे. "कागद नाही, जा परत" असे कुणी म्हटले तर शांतपणे नियम ४ दाखवा.

लायसन्सची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आणि पत्ता बदल एकाच अर्जात निवडता येतात. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, हे ध्यानात असू द्या.

वडिलांच्या काळातले जुने पुस्तकी लायसन्स असेल आणि पोर्टलवर नंबर सापडत नसेल, तर ज्या आरटीओने ते दिले तिथे जाऊन आधी संगणकात नोंद करून घ्यावी लागते. त्याशिवाय पुढचा अर्ज भरता येत नाही.

वस्तीचे नाव बदलले असेल तर

आधी पाहा की नवे नाव सरकारी दप्तरात चढले आहे का. गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे विचारा. घरपट्टीची पावती, वीज बिल, मतदार यादी यांवर कोणते नाव येते ते तपासा. तिथेच जुने नाव असेल तर एकट्याने धडपडण्यापेक्षा सर्वांनी मिळून अर्ज द्या. कमान उभारताना वस्ती एकत्र येते, तशी दप्तरासाठीही यावी.

दप्तरात नाव बदलले की क्रम तोच: आधार, मग लायसन्स, आरसी आणि इतर. इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. एका कागदावर भीमनगर जोडून आणि दुसऱ्यावर तोडून लिहिले की पडताळणीत शंका निघते. खूण म्हणून बुद्धविहाराचे नाव घालायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. पोस्टमनला घर लगेच सापडते, हा आमचा अनुभव आहे.

घरमालक करार देत नसेल तर

इथे खरी अडचण आहे. १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत असताना बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहात त्यांना ओळख लपवून राहावे लागले आणि कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. आजही आडनाव विचारून खोली नाकारली जाते, आणि मिळालीच तर "कागद वगैरे काही नको" या अटीवर. कागद नाही म्हणजे पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणजे शहरात राहूनही आपण कुठेच राहत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम ५५ सर्वांनी पाठ करावे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न पाळणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. लेखी करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. भांडणाआधी हे कलम समजावून सांगा. नोंदणी घरमालकाच्याही फायद्याची आहे, हे पटले तर अनेकदा काम होते.

अर्ज अडला तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आपला हक्क आहे. विनाकारण उशीर झाला किंवा अर्ज फेटाळला तर पहिले अपील, दुसरे अपील आणि शेवटी आयोगाकडे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्जाचे काय झाले हे माहितीच्या अधिकारातही विचारता येते, शुल्क १० रुपये. लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

आणखी एक सावधगिरी. व्हॉट्सअॅपवर "आरटीओ चलन" अशा नावाने येणारी एपीके फाईल उघडू नका. त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत. आधारचा ओटीपी एजंटला सांगू नका.

कार्यकर्त्यांसाठी

नवीन कार्ड येईपर्यंत डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले लायसन्स दाखवता येते, ते कायद्याने ग्राह्य आहे. पत्ता बदललाच आहे तर मतदार यादीचा फॉर्म ८ सुद्धा भरा. लायसन्सवर शहराचा पत्ता आणि मत मात्र ज्या गावाला जाता येत नाही तिथे, असे होऊ नये.

ही सगळी कामे एक मोबाईल आणि थोडा वेळ असला की होतात. पण वस्तीतल्या प्रत्येकाला ते जमत नाही. म्हणून आमची विनंती आहे की, रविवारच्या वंदनेनंतर विहारातच एक तास ठेवा. दोन-तीन शिकलेल्या तरुणांनी टेबल टाकून बसावे. आधी आधार तपासावे, मग अर्ज भरून द्यावा. ओटीपी ज्याचा त्यानेच टाकावा, पैसे ज्याचे त्यानेच भरावेत. एजंटकडे जाणारे पैसे वाचतील आणि आपल्या माणसाच्या कार्डावर त्याच्या घराचा, त्याच्या वस्तीचा खरा पत्ता येईल.