परग्रहावरचे यान, की नुसता पाहुणा? ओमुआमुआ आणि पुराव्याचा इतिहास

१/८
१९ ऑक्टोबर २०१७. हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना एक वेगवान ठिपका आढळला. कक्षेचे गणित मांडल्यावर कळले की ही वस्तू आपल्या सूर्यमालेतील नव्हेच. परक्या ताऱ्याकडून आलेला, माणसाने ओळखलेला हा पहिला पाहुणा : ओमुआमुआ.

२/८
पाहुणा विलक्षण होता. काही तासांत त्याचे तेज सुमारे दहापट बदलत असे. धूमकेतूसारखी शेपटी नव्हती. तरीही गुरुत्वाकर्षणाने उलगडत नाही असा किंचित रेटा त्याला मिळत होता. २०१८ मध्ये हार्वर्डच्या श्मुएल बियाली आणि अवी लोएब यांनी विचारले : सूर्यप्रकाशाने ढकलले जाणारे, मिलिमीटरहूनही पातळ असे हे कृत्रिम शीड तर नसेल?

३/८
अशी शंका पहिल्यांदाच आली नव्हती. १८७७ मध्ये इटलीच्या स्क्यापारेल्ली यांनी मंगळावरील रेषांना 'कानाली' म्हटले. या शब्दात नैसर्गिक प्रवाहमार्गही येतात. पण इंग्रजीत त्याचे 'कालवे' झाले. आणि कालवा म्हटला की तो खणणारा आलाच! अमेरिकेच्या पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये वेधशाळा उभारून या कालव्यांचे नकाशे रेखाटले. १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले. छायाचित्रांत विवरे होती, कालवे नव्हते.

४/८
केंब्रिज, १९६७. जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला आकाशातून दर १.३३ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद आढळले. थट्टेने नाव पडले 'एलजीएम-१', म्हणजे छोटी हिरवी माणसे. पुढे बेल यांनाच आकाशाच्या वेगळ्या भागात तसाच दुसरा स्रोत सापडला. दोन दूरस्थ संस्कृती एकाच वेळी, एकाच रीतीने आपल्याला हाक मारतील, हे असंभवनीय होते. ते पल्सार तारे ठरले.

५/८
लॉवेल हाती असलेल्याच रेषांवर इमले चढवीत गेले. बेल यांना दुसरा साक्षीदार मिळाला. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. बखरीतील एकट्या उल्लेखाला समकालीन पत्राचा दुजोरा नसेल, तर आपण निर्णय राखून ठेवतो.

६/८
ओमुआमुआ हा असाच एकटा कागद. ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीने कान लावला. कोणताही संदेश मिळाला नाही. २०२३ मध्ये बर्गनर आणि सेलिगमन यांनी दाखवले की बर्फात कोंडलेला हायड्रोजन सुटल्यानेही तसा रेटा मिळू शकतो. पण पाहुणा केव्हाच दृष्टिआड झाला होता, फेरतपासणी अशक्य.

७/८
त्यानंतर २०१९ मध्ये बोरिसोव्ह आला, २०२५ मध्ये ३आय/ॲटलास. ॲटलासबाबतही लोएब यांनी यानाची शक्यता बोलून दाखवली. या वेळी मात्र असंख्य दुर्बिणी सज्ज होत्या. त्यांना वायू आणि धूळ सोडणारा धूमकेतू दिसला.

८/८
शंका विचारणे हा दोष नव्हे. ती केंब्रिजमध्येही विचारली गेली. 'कारण अद्याप उमगले नाही' या वाक्याचा अर्थ 'कोणीतरी पाठवले' असा लावणे, हा दोष. ओमुआमुआ यान होते असे मानण्यास आज आधार नाही. पुढचा पाहुणा येईल तेव्हा आपण लॉवेल यांच्यासारखे पाहणार, की बेल यांच्यासारखे?