सुरतेचे तांबे

तांब्याच्या खाणींची गावे आपला इतिहास आपल्या जमिनीवरच लिहून ठेवतात. स्वीडनमधील फालून येथे 1687 मध्ये खाण कोसळून जो प्रचंड खड्डा पडला, तो आजही पाहावयास मिळतो. ती खाण 1992 मध्ये बंद झाली आणि 2001 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत तिचा समावेश झाला. सुरतेस असा खड्डा नाही. तापीच्या गाळात खाण कोठून असणार? तरीही सतराव्या व अठराव्या शतकांत पश्चिम हिंदुस्थानच्या बाजारात जे तांबे खेळत होते, त्याचा फार मोठा भाग या बंदरातून आत येत असे. सुरतेचा हा ताम्रव्यवहार ध्यानात घेतल्यावाचून आपल्या शिवराईचे महत्त्वही पुरते उमगत नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात तांबे नव्हते असे नाही. राजस्थानातील खेत्री-सिंघाणा या टापूत तांबे काढण्याची परंपरा फार पुरातन आहे. जवळच्या गणेश्वर येथे उत्खननात ताम्रयुगातील तांब्याच्या वस्तू शेकड्यांनी सापडल्या आहेत, आणि ‘ऐन-इ-अकबरी’तही सिंघाणा परिसरातील खाणींची नोंद आहे. अकबराच्या राज्यात तांब्याचा ‘दाम’ सुमारे 21 ग्रॅम वजनाचा असून 40 दामांचा एक रुपया धरीत. साम्राज्याच्या महसुलाची आकारणीही दामांतच मांडली जाई. परंतु पुढील शतकात तांबे महागत गेले आणि औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच्या वर्षांत या नाण्याचे वजन सुमारे 14 ग्रॅमवर आणावे लागले. देशी खाणी पुरेनाशा झाल्या, तेव्हा लोकांची दृष्टी समुद्राकडे वळली.

समुद्रमार्गे आलेले तांबे मुख्यतः जपानचे होते. 1641 पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देशिमा या चिमुकल्या बेटावर राहून व्यापार करण्याची मुभा होती. 1668 मध्ये जपानने त्यांना रूपे नेण्यास मनाई केली आणि त्यांच्या गलबतांत तांब्याच्या कांड्यांचे महत्त्व वाढले. 1691 मध्ये बेश्शी येथील खाण सुरू झाली. ती 1973 पर्यंत चालू होती. या कांड्या बटाव्हियामार्गे सुरतेस येत. मोठी जहाजे तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या नाळेत नांगर टाकीत, आणि तांब्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांतून डच लोक येथील कापड व नीळ खरेदी करीत. 1715 मध्ये जपानने डचांना वर्षास दोनच जहाजे व पंधरा लक्ष किन, म्हणजे सुमारे 900 टन तांबे, अशी मर्यादा घातली. जपानातील तांब्याच्या भावाचा परिणाम युरोपातील खाणींवरही होत असला पाहिजे, असे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्ये लिहिले आहे.

या तांब्याचा सामान्य माणसाशी काय संबंध, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्या काळचा पैसा हा आजच्यासारखा केवळ सरकारी शिक्क्यावर चालत नसे. त्याची किंमत त्यातील धातूवर ठरे. रुपयास किती पैसे मिळावयाचे, हे सराफ तांब्याचा बाजारभाव पाहून ठरवीत. तांब्याची आवक घटली की रुपयास कमी पैसे येत, आणि ज्याच्या मजुरीचा हिशेब रुपयांत असे त्यास त्याची झळ लागे. पैशाहूनही लहान व्यवहारासाठी गुजरातेत इराणातून येणारे कडू बदाम चलन म्हणून वापरले जात, यावरून सुट्या नाण्याची निकड किती होती हे दिसून येईल.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. शिवाजी महाराजांनी जानेवारी 1664 मध्ये व पुन्हा ऑक्टोबर 1670 मध्ये सुरत लुटली, हे मुलांना तोंडपाठ असते. त्या लुटीत मुख्यतः सोने, रूपे, मोती व जवाहीर होते. अशा द्रव्याने खजिना भरतो, फौज उभी राहते, किल्ले बांधता येतात. पण आठवड्याच्या बाजारात मीठमिरची घेणाऱ्या कुणब्याच्या हाती त्यातून पैसा पडत नाही. 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याच्या होनाबरोबर तांब्याची शिवराई पाडली, तिचे मोल आम्हांस याच कारणासाठी मोठे वाटते. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे आहेत. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात तांब्याची खाण नाही. तेव्हा या नाण्याचा धातू बाहेरून आलेला, वा जुनी नाणी व भांडी आटवून मिळविलेला, असाच असणार. लूट एकदा करता येते. सुट्या नाण्यांचा पुरवठा मात्र निरंतर चाललेल्या व्यापारावरच टिकतो. महाराजांना हे पुरते उमगले होते. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन याने आपले नाणे स्वराज्यात चालावे अशी मागणी केली, तेव्हा प्रजेचे नुकसान होईल असे नाणे तिच्यावर लादण्यास त्यांनी नकार दिला. वजन व कस चोख असल्यास मात्र मनाई नाही, असे कळविले.

पुढे जपानी तांब्याचे स्थान हळूहळू इंग्लंडच्या तांब्याने घेतले, आणि एक फरक पडला, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. 1791 मध्ये कंपनीने मुंबई इलाख्यासाठी तांब्याची नाणी बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टन याच्या वाफेच्या यंत्रांवर पाडून आणविली. तोपर्यंत परदेशातून धातू येई व त्यावर ठसा आपल्या टांकसाळीतील कारागीर उमटवीत. आता नाणेच तयार होऊन आले. सुरतेच्या व्यापाराचा उतार व पश्चिम किनाऱ्याचे परावलंबन या एका गोष्टीत जितके स्पष्ट दिसते, तितके तहांच्या कलमांतही दिसत नाही. शिवराई मात्र पेशवाई लयास गेल्यावरही बाजारात चालत राहिली.

आज सुरतेत या व्यवहाराच्या खुणा शोधू गेल्यास कतारगाम दरवाजाजवळच्या डच स्मशानभूमीतील भव्य घुमट दिसतात. 1691 मध्ये वारलेल्या व्हान रेडे या अधिकाऱ्याची कबर तेथेच आहे. जरीच्या कारखान्यांत स्वस्त प्रकारच्या जरीसाठी तांब्याच्या तारेवर चांदीचे पाणी चढवितात. घुमट पाहावयास प्रवासी येतात; तारेकडे कोणाचे लक्ष जात नाही.

आमची अपेक्षा फार नाही. 1664 चा पाठ शिकविताना शिक्षकांनी फळ्यावर सुरतेबरोबर सिंघाणा आणि नागासाकी ही नावेही लिहावीत आणि गावात कोणाच्या घरी शिवराई असेल तर ती वर्गात आणवून मुलांच्या हातात द्यावी. तिचे वजन हातास जाणवले म्हणजे सुरत एवढी श्रीमंत का होती, हे मुले आपण होऊन विचारू लागतील.