सिस्टिक फायब्रोसिस
पेशीपटलातील सीएफटीआर या क्लोराइडवाहक प्रथिनाच्या बिघाडामुळे होणारा आनुवंशिक विकार. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच तो होतो. 7 व्या गुणसूत्रावरील हे जनुक 1989 मध्ये सापडले. प्रथिनाच्या 1,480 ॲमिनो अम्लांपैकी 508 वे फेनिलॲलॅनीन गळाल्यास त्याची घडी चुकते व पटलावर पोहोचण्याआधीच पेशी ते नष्ट करते. भारतीय रुग्णांत हा दोष युरोपीयांपेक्षा कमी आढळतो. क्लोराइडाचे वहन अडल्याने फुप्फुसे व स्वादुपिंड यांतील स्राव घट्ट होतात. परिणामी वारंवार जंतुसंसर्ग व अपचन होते. घर्मग्रंथींत मात्र क्लोराइड परत शोषले जात नाही, म्हणून बाळाची त्वचा खारट लागते. घामात लिटरमागे 60 मिलिमोल वा अधिक क्लोराइड आढळल्यास निदानास पुष्टी मिळते.